पोलीस स्टेशनमधून फोन आला तर काय करायचं: नोटीस, जबाब, अटक आणि ते २४ तास

फोन येतो, अमुक पोलीस स्टेशनमधून बोलतोय, साहेबांनी बोलावलंय, उद्या अकराला येऊन जा. कशासाठी विचारलं तर या, मग सांगतो. फोन ठेवला की घरात सभा भरते, कुणी म्हणतं नगरसेवकाला फोन लाव, कुणी म्हणतं मामाचा मेव्हणा खात्यात आहे त्याला विचार, कुणी म्हणतं आठ दिवस गावाला जाऊन बस. यातलं शेवटचं तर अजिबात करू नका, कारण न जाण्यामुळेच साधी गोष्ट अटकेपर्यंत जाते, ते कसं ते खाली सांगतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की सरकारला तुमच्या अंगाला, घराला किंवा फोनला हात लावायचा असेल तर त्याला तीन गोष्टी लागतात, कुठलं तरी कलम, कुठला तरी कागद आणि घड्याळातली वेळ. हे तिन्ही विचारायचा हक्क तुमचा आहे, आणि विचारताना आवाज चढवायची गरज नाही. आपल्याकडे लोक एकतर पायाच पडतात नाहीतर "मला कायदा शिकवू नका" म्हणून भांडतात. दोन्हीचा उपयोग नाही, आणि भांडायचा तर तोटाच आहे कारण सरकारी कामात अडथळा हे कलम खिशात तयारच असतं. गुन्हा गंभीर असेल तर अर्थात आधी वकील गाठा, हे वाचून वकिलाचं काम होणार नाही.

कलमांच्या नंबरबद्दल आधीच सांगून ठेवतो, १ जुलै २०२४ पासून जुनी सीआरपीसी, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहिता, गेली आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिला सगळे बीएनएसएस म्हणतात. नंबर बदलले, पण ठाण्यात आणि कोर्टात अजून निम्मे लोक जुनेच नंबर बोलतात. म्हणून जिथे लागेल तिथे दोन्ही देतोय.

आधी फोन खरा आहे का ते बघा

व्हिडिओ कॉलवर युनिफॉर्ममधला माणूस, मागे अशोकस्तंभ, तुमच्या नावाचं पार्सल सापडलंय, कॅमेरा बंद करू नका, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात. असला प्रकार भारतातल्या कुठल्याही कायद्यात नाही. फोनवर अटक होत नाही आणि व्हिडिओ कॉलवर जामीनही मिळत नाही. फोन कट करा, पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला कळवा. चांगले शिकलेले, रिटायर झालेले लोक यात लाखो रुपये घालवून बसलेत, आणि मला वाटतं त्याचं मूळ कारण हेच की पोलीस काय करू शकतात आणि काय नाही हे आपल्याला कधी कुणी शिकवलंच नाही, त्यामुळे युनिफॉर्म दिसला की सगळंच शक्य वाटायला लागतं.

फोन खरा वाटला तर नाव, हुद्दा आणि पोलीस स्टेशन विचारून घ्या आणि त्या स्टेशनच्या लँडलाईनवर स्वतः फोन करून खात्री करा. मग म्हणा, येतो साहेब, तेवढी नोटीस द्या. नोटीस व्हॉट्सॲपवर आली तर? सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२५ मध्ये सगळ्या राज्यांना बजावलंय की चौकशीला हजर राहायच्या नोटिसा व्हॉट्सॲपवर किंवा तसल्या इलेक्ट्रॉनिक मार्गानं बजावायच्या नाहीत, कायद्यात दिलेल्या पद्धतीनंच बजावायच्या. पण म्हणून मेसेज डिलीट मारून गप्प बसू नका. उत्तर द्या की मेसेज मिळाला, रीतसर नोटीस द्या, मी हजर राहतो. हे उत्तर पुढे तुमच्याच कामाला येतं.

कोण म्हणून बोलावलंय

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, साक्षीदार म्हणून का संशयित म्हणून.

साक्षीदार म्हणून असेल तर कलम १७९ (जुनं १६०). त्यासाठी लेखी आदेश लागतो, आणि तुम्ही त्या ठाण्याच्या किंवा शेजारच्या ठाण्याच्या हद्दीत राहणारे असायला पाहिजे. नागपूरच्या माणसाला कोल्हापूरच्या ठाण्यातून साक्षीदार म्हणून नुसतं फोनवर "या" म्हणता येत नाही. आणि हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, बाई असेल, १५ वर्षांखालचा मुलगा असेल, ६० च्या वरचा पुरुष असेल, दिव्यांग किंवा खूप आजारी माणूस असेल तर त्याला साक्षीसाठी ठाण्यात बोलवताच येत नाही, पोलिसांनी तो राहतो तिथे जायचं. स्वतःहून यायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी. आई-आजीला सकाळपासून संध्याकाळपर्यंत ठाण्याच्या बाकावर बसवून ठेवतात आणि घरचे डबा घेऊन बाहेर उभे, हे कायद्यात कुठेच बसत नाही.

संशयित म्हणून असेल तर कलम ३५(३) ची नोटीस, जिला सगळे अजून ४१ ए ची नोटीस म्हणतात. ही आली की लोक हादरतात. खरं तर हादरायचं कारण नाही, कारण या नोटिशीचा अर्थच असा की आम्ही तुम्हाला आत्ता अटक करत नाही, चौकशीला या. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक का गरजेची आहे ते पोलिसांना कागदावर लिहावं लागतं, उगाच उचलून आणता येत नाही. हे कायद्यात होतंच, पण कुणी पाळत नव्हतं. मग २ जुलै २०१४ ला सुप्रीम कोर्टानं अर्नेश कुमारच्या निकालात सरळ बजावलं की न पाळणाऱ्या पोलिसावर खात्याची कारवाई होईल, कोर्टाचा अवमानही होईल, आणि डोळे झाकून कोठडी देणाऱ्या मॅजिस्ट्रेटवरही हायकोर्ट कारवाई करेल.

म्हणून या नोटिशीवर जायचंच. जोपर्यंत तुम्ही नोटिशीप्रमाणे हजर राहताय तोपर्यंत तुम्हाला अटक करायची तर वेगळी कारणं लिहावी लागतात, आणि तुम्ही गेला नाहीत की ती आपण होऊन त्यांच्या हातात देता. तारीख जमत नसेल तर आधी लेखी कळवा, पोच घ्या. आणखी एक, माणूस ६० च्या वरचा किंवा आजारी असेल आणि गुन्हा तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा असेल तर डीवायएसपी दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी घेतल्याशिवाय अटकच करता येत नाही. हे नवीन कायद्यात आलंय, वकिलांनाही कधीकधी आठवण करून द्यावी लागते.

एनसी असेल, म्हणजे अदखलपात्र, सोसायटीतली शिवीगाळ, शेजाऱ्याशी बाचाबाची असलं काही, तर मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपासही करू शकत नाहीत आणि वॉरंटशिवाय अटकही नाही. "समोरच्यानं एनसी टाकलीय, मिटवून घे नाहीतर आत टाकतो" हे वाक्य बरेचदा ऐकू येतं, त्यातलं "आत टाकतो" हे नुसतं बोलण्यापुरतं असतं.

ठाण्यात गेल्यावर

एकटे जाऊ नका. वकील नसला तरी एक शांत डोक्याचा माणूस बरोबर घ्या, तो बाहेर बसेल. आत शिरायच्या आधी घरच्यांना मेसेज टाका, कुठलं ठाणं, किती वाजता गेलो, कुणी बोलावलं. तो मेसेज म्हणजे तुमचा पहिला पुरावा. ठाणे अंमलदाराला नमस्कार करून सांगा की अमुक साहेबांच्या नोटिशीवरून आलोय, स्टेशन डायरीला नोंद घ्या. घेतील किंवा हसतील, पण तुम्ही म्हणालात हे चार लोकांनी ऐकलेलं असतं. समोरच्याच्या छातीवरची नेमप्लेट वाचून ठेवा.

मग बसवून ठेवायचा कार्यक्रम सुरू होतो. साहेब राउंडला गेलेत, साहेब मीटिंगमध्ये आहेत, थांबा. तास दोन तास ठीक आहे, खरंच गेलेले असतात, पोलिसांची ड्युटी कशी असते ते आपणही बघतोच. पण संध्याकाळ व्हायला लागली तर उठून शांतपणे विचारा, "साहेब, मला अटक केलीय का? नसेल तर मी निघू का, परत बोलवाल तेव्हा येतो." या प्रश्नाला ना धड हो म्हणता येतं ना नाही, म्हणून तो विचारायचा. हो म्हटलं तर अटकेचे सगळे कागद करावे लागतात आणि घड्याळ सुरू होतं. नाही म्हटलं तर तुम्हाला अडवायला आधार राहत नाही. "अटक नाही, फक्त चौकशीसाठी ताब्यात घेतलंय" असलं काहीतरी मधलं सांगितलं जातं, पेपरातही तसंच छापतात. मुंबई हायकोर्टानं १९९० मध्येच कस्टम्सच्या एका केसमध्ये सांगून टाकलंय की माणसाच्या हालचालीवर बंधन आलं तिथून अटक सुरू, अधिकाऱ्यानं कागदावर कुठली वेळ टाकली त्याला महत्त्व नाही. म्हणून तो आत शिरतानाचा मेसेज.

एक अपवाद माहिती असू द्या. रस्त्यावर पोलिसानं कायद्यात बसणारी सूचना दिली, मोर्चात मागे व्हा वगैरे, आणि तुम्ही ऐकलं नाही तर कलम १७२ खाली तुम्हाला बाजूला नेता येतं, किरकोळ प्रकरणात २४ तासांच्या आत सोडायचं असतं. तिथे "कुठल्या कलमाखाली" म्हणून वाद घालत उभं राहण्यात अर्थ नाही, बाजूला व्हा आणि नंतर तक्रार करा.

जबाब देताना

खोटं बोलू नका, हे पहिलं. पण ज्या उत्तरामुळे तुम्ही स्वतःच गुन्ह्यात अडकाल ते उत्तर न द्यायचा हक्क तुम्हाला आहे, राज्यघटनेचं कलम २०(३) आणि बीएनएसएसचं १८० दोन्ही तेच सांगतात. "याबद्दल मी वकिलाशी बोलून सांगतो" एवढं पुरतं. नार्को, लाय डिटेक्टर असल्या गोष्टी तुमच्या संमतीशिवाय करता येत नाहीत, सुप्रीम कोर्टाचा २०१० चा सेल्वीचा निकाल आहे.

आता सही. तपासात पोलिसांपुढे दिलेल्या जबाबावर सही घ्यायची नसते, कलम १८१ मध्ये स्पष्ट लिहिलंय, आधीच्या सीआरपीसीत १६२ होतं. अटकेचा मेमो, पंचनामा, नोटिशीची पोच, जप्तीची पावती यावर सही लागते ती करा, पण आधी वाचा, सहीखाली तारीख आणि वेळ तुमच्या हातानं लिहा, आणि कोऱ्या कागदावर कधीच नाही, कितीही गोड बोलले तरी. समजा तुमच्याकडून कबुली लिहून घेतलीच, तरी पोलिसांपुढची कबुली कोर्टात तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. हा नियम इंग्रजांच्या १८७२ च्या पुरावा कायद्यात होता, तोच आता नवीन साक्ष अधिनियमात कलम २३ म्हणून आलाय. ज्यांनी आपल्यावर राज्य केलं त्यांचाही स्वतःच्या पोलिसांनी आणलेल्या कबुलीवर विश्वास नव्हता, यातच सगळं आलं. फक्त तुम्ही सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली तर तेवढा भाग पुराव्यात येतो, हे विसरू नका.

रात्रभर बसवून जबाब घ्यायचे का? एप्रिल २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टापुढे ईडीचं एक प्रकरण आलं, ६४ वर्षांच्या माणसाचा जबाब पहाटे साडेतीनपर्यंत चालला होता. कोर्टानं त्याची अटक बेकायदा ठरवली नाही, याचिका फेटाळली, पण झोप ही माणसाची मूलभूत गरज आहे, जबाब माणसाच्या वेळी घ्या, असं सुनावून ईडीला त्याबद्दल परिपत्रक काढायला लावलं. म्हणजे रात्री अकरा वाजता "साहेब उद्या सकाळी आठला येतो, आता झोप लागतेय" म्हणणं उद्धटपणा नाहीये.

अटक झालीच तर

इथे मिनिटं मोजायची. अटक करणाऱ्याच्या अंगावर नाव स्पष्ट दिसलं पाहिजे. अटकेचा मेमो तिथेच करायचा, त्यावर घरातल्या माणसाची किंवा परिसरातल्या एका प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही, आणि तुमची सही. तुम्ही सांगाल त्या एका माणसाला पोलिसांनी कळवायचं, कुठे ठेवलंय तेही. अटकेनंतर सरकारी डॉक्टरकडून तपासणी, अंगावर काही मार असेल तर तो डॉक्टरला दाखवा, लाजू नका, आणि रिपोर्टची कॉपी मागा. चौकशी चालू असताना वकिलाला भेटता येतं, पूर्ण वेळ शेजारी बसवता येत नाही पण भेटता येतं.

यातल्या बऱ्याच गोष्टी एका पत्रामुळे मिळाल्यात. ऑगस्ट १९८६ मध्ये बंगालमधल्या एका कायदा मदत संस्थेचे अध्यक्ष डी. के. बसू यांनी कोठडीतल्या मृत्यूंच्या पेपरातल्या बातम्या जोडून सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, कोर्टानं तेच याचिका म्हणून घेतलं आणि दहा वर्षांनी, डिसेंबर १९९६ मध्ये, अटकेचे नियम घालून दिले. ते नियम मग कायद्यात आले.

अटकेची कारणं लेखी मागा, आणि हे आता नुसतं मागणं राहिलं नाहीये. नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं वरळीच्या बीएमडब्ल्यू अपघाताच्या केसमध्ये ठरवून दिलं की गुन्हा कुठलाही असो, कारणं लेखी द्यायची आणि अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत द्यायची. लगेच जमलं नाही तर तोंडी सांगून नंतर लेखी, पण रिमांडसाठी मॅजिस्ट्रेटपुढे नेण्याच्या निदान दोन तास आधी तरी कागद हातात पाहिजे. नाही दिला तर अटक बेकायदा ठरू शकते. मराठी माणसाला मराठीत मागता येईल, आणि पुण्यात काम करणाऱ्या बिहारच्या मजुराला हिंदीत, ते पण तितकंच लक्षात ठेवायचं.

बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करायची नाही, अगदीच अपवाद असेल तर महिला पोलीस अधिकाऱ्यानं लेखी अहवाल देऊन आधी मॅजिस्ट्रेटची परवानगी आणायची. अंगझडती बाईनंच घ्यायची. १८ वर्षांखालच्या पोराला लॉकअपमध्ये टाकताच येत नाही, त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं.

पालघरची गोष्ट अनेकांना आठवत असेल. नोव्हेंबर २०१२, बाळासाहेब ठाकरे गेल्यावर जो बंद झाला त्यावर एका मुलीनं फेसबुकवर लिहिलं, दुसरीनं लाईक केलं, दोघींना अटक. नंतर गुन्हा बंद झाला, दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले, आणि ज्या आयटी कायद्याच्या ६६ए कलमावरून हा सगळा गोंधळ झाला ते सुप्रीम कोर्टानं २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघलच्या केसमध्ये रद्द केलं. आणि तरीही पुढची कितीतरी वर्षं देशभर ठाण्यांमध्ये ६६ए लावणं चालूच होतं, २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाला परत आदेश काढावा लागला. म्हणून पोस्टवरून बोलावलं तर पहिलं विचारायचं, कलम कुठलं?

घराची झडती, आणि फोन

वॉरंट असेल तर वाचायला मागा. वॉरंटशिवायही तपासात झडती घेता येते, कलम १८५, पण अधिकाऱ्यानं आधी कारणं लिहून ठेवायची आणि ती ४८ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटकडे पाठवायची, त्याची कॉपी तुम्हाला अर्ज केला की फुकट मिळते. दोन पंच लागतात, परिसरातले, तटस्थ. तुम्हाला झडतीच्या वेळी हजर राहता येतं. जे नेलं त्याची यादी हातात घ्यायचीच. आणि नवीन कायद्यानं एक खरंच चांगलं केलंय, झडती आणि जप्तीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग सक्तीचं केलंय, कलम १०५. कुणी शूट करत नसेल तर आठवण करा. पंच म्हणून नेहमीचाच चहावाला आणलाय का ते पण बघा, प्रत्येक पंचनाम्यात तोच तो असतो.

मोबाईल गुन्ह्याशी संबंधित वाटला तर जप्त करता येतो, पावती घ्या. पण नाकाबंदीला गाडी थांबवून "व्हॉट्सॲप दाखव" म्हणणं वेगळं, त्याला काही आधार नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांनी एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवलाय. लायसन्स, गाडीचे कागद दाखवा, दारूची टेस्ट द्या, फोन खिशातच राहू द्या. पासवर्ड द्यावाच लागतो का यावर हायकोर्टांची मतं वेगवेगळी आहेत, त्यामुळे तिथे वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका.

२४ तास

अटकेपासून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे, प्रवासाचा वेळ सोडून. रविवार, गणपती, दिवाळी काही चालत नाही, सुट्टीचं कोर्ट असतं. आणि हे नुसतं कायद्यात नाहीये, घटनेत आहे, कलम २२. ते तिथे कसं आलं हे मला फार महत्त्वाचं वाटतं. जीवित आणि स्वातंत्र्याचं कलम, आजचं २१, घटना समितीत मंजूर झालं तेव्हा त्यातून ड्यू प्रोसेस, म्हणजे प्रक्रिया न्याय्यच पाहिजे असं सांगणारे शब्द, गेले होते आणि बरेच सभासद नाराज होते, संसदेनं उद्या काहीही कायदा केला तर? मग १५ सप्टेंबर १९४९ ला डॉ. आंबेडकरांनी नवीन कलम मांडलं आणि मोकळेपणानं सांगितलं की तेव्हा जे झालं त्याची ही भरपाई आहे. अटकेची कारणं सांगणं, २४ तास, हे सगळं तेव्हाच्या सीआरपीसीत होतंच की, मग घटनेत कशाला? तर कायदा विधिमंडळाला बदलता येतो, घटनेत घातलं की त्यांचेही हात बांधले जातात, असं त्यांचं उत्तर होतं.

मॅजिस्ट्रेटपुढे उभं केल्यावर तो एक मिनिट असतो, तो वाया घालवू नका. मारलंय का विचारलं तर खरं सांगा. विचारलं नाही तरी सांगा. खरी वेळ सांगा, "मला काल दुपारी दोनला आणलं, कागदावर रात्री दहा लिहिलंय." वकील नसेल तर लगेच म्हणा, मला मोफत वकील पाहिजे. कोठडीतल्या माणसाला तो उत्पन्नाची अट न लावता मिळतो, बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग यांनाही. हेल्पलाईन १५१००.

गुन्हा जामीनपात्र असेल तर जामीन हा हक्क आहे, ठाण्यातच मिळतो, कुणाच्या मेहरबानीनं नाही. जामीनदार मिळत नसेल आणि ऐपत नसेल तर आठवड्यानंतर जातमुचलक्यावर सोडावं लागतं. अजामीनपात्र गुन्ह्यात कोर्ट ठरवतं. दोषारोपपत्र, म्हणजे चार्जशीट, ६० किंवा, मोठ्या गुन्ह्यात, ९० दिवसांत आलं नाही तर जामिनाचा हक्क तयार होतो, पण अर्ज मात्र चार्जशीट यायच्या आधी करावा लागतो. इथे वकील एक दिवस झोपला तरी संधी गेली.

चॅप्टर, तडीपारी, एमपीडीए

हा भाग मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण इथे काही केलं म्हणून नाही तर करशील म्हणून कारवाई असते. निवडणूक किंवा गणपती आले की चॅप्टरच्या नोटिसा निघतात, कलम १२६, १२९, जुनी १०७ आणि ११०. चांगल्या वर्तणुकीचा बाँड द्या म्हणतात. आणि मुंबई-पुण्यासारख्या आयुक्तालयात ज्याच्यापुढे ही सुनावणी होते तो विशेष कार्यकारी दंडाधिकारी म्हणजे एसीपीच, म्हणजे रिपोर्ट पोलिसांचा आणि निकालही पोलिसांचाच. तरी मुकाट्यानं सही करून येऊ नका, नोटिशीत कुठली घटना, कुठली तारीख लिहिलीय ते बघा, लेखी उत्तर द्या, साक्षीदार न्या, नुसतं "इसम भांडखोर असून" एवढ्यावर ते टिकत नाही.

तडीपारी महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ च्या ५५ ते ५७ कलमांखाली, जास्तीत जास्त दोन वर्षं. आधी कलम ५९ ची नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की हा असाधारण उपाय आहे, माणसाला स्वतःच्या घरी राहू न देणं आहे, म्हणून पूर्ण दोन वर्षं घालवायचं तर का ते लिहायला पाहिजे. अपील राज्य सरकारकडे, ३० दिवसांत.

आणि एमपीडीए, धोकादायक व्यक्तींच्या कारवायांना आळा घालायचा १९८१ चा कायदा. झोपडपट्टी दादा, हातभट्टीवाले यांच्यासाठी केलेला, आता वाळूमाफिया वगैरेही त्यात आलेत. यात वर्षभरापर्यंत स्थानबद्ध करता येतं, आणि वरचे २४ तास, मॅजिस्ट्रेट, वकील यातलं काहीच लागू होत नाही, कारण त्याच कलम २२ मध्ये स्थानबद्धतेचा अपवाद ठेवलाय. फक्त कारणं द्यावी लागतात, निवेदन करू द्यावं लागतं आणि सल्लागार मंडळाकडे प्रकरण जातं. इथे पहिल्याच दिवशी हायकोर्टाचा वकील गाठायचा. यातले कितीतरी आदेश हायकोर्टात रद्द होतात, बरेचदा कागदपत्रं वेळेवर दिली नाहीत किंवा निवेदनावर उशिरा निर्णय घेतला म्हणून.

नियम पाळलेच नाहीत तर

माणूस कुठे नेलाय तेच सांगत नाहीत, २४ तास उलटले, तर हेबियस कॉर्पस, म्हणजे माणसाला कोर्टापुढे हजर करा अशी याचिका. हायकोर्टात घटनेच्या कलम २२६ खाली, घरातलं कुणीही करू शकतं. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, पणजी, आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरलाही सर्किट बेंच सुरू झालंय, त्यामुळे सांगली-साताऱ्याच्या माणसाला आता रात्रीची मुंबईची गाडी पकडायची गरज नाही.

मारहाण झाली, बसवून ठेवलं, तर एसपी किंवा आयुक्तांकडे लेखी तक्रार, कॉपी राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आणि राज्य मानवी हक्क आयोगाला. तक्रारीत त्या दिवसाचं, त्या तासांचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवा अशी मागणी करायचीच. डिसेंबर २०२० च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशाप्रमाणे प्रत्येक ठाण्यात आत-बाहेर, लॉकअपजवळ, गॅलरीत कॅमेरे पाहिजेत, आणि रेकॉर्डिंग १८ महिने, नाही जमलं तर निदान वर्षभर ठेवायचं. कॅमेरा बंद होता असं उत्तर आलं तर तेही लेखी घ्या, तारीख टाकून.

घरात एक काम आजच करून ठेवा. एका ओळखीच्या वकिलाचा नंबर, १५१००, १९३० आणि जवळच्या ठाण्याचा लँडलाईन नंबर एका चिठ्ठीवर लिहून आईच्या पर्समध्ये आणि पोराच्या पाकिटात टाका, फोनमध्ये नको, कारण फोन पहिल्यांदा काढून घेतात.